खांबावरचे पूर्वज

बटणाला बटण हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्यानं दिलं त्याचा नेम अचूक होता. उंची अठ्ठावन्न इंच, म्हणजे पाच फुटांना दोन इंच कमी. पोट गोल, चेहरा गोल, टकलाचं तर विचारूच नका. त्यात धंदा शिंप्याचा. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, दाखला ट्रंकेत होता आणि ट्रंकेची किल्ली बायकोकडे होती, तेव्हा ते नाव गेल्यातच जमा होतं.

शिंपी म्हणजे साधासुधा शिंपी नव्हे. लग्नाचे सूट, बायकांचे ब्लाउज असल्या भानगडीत तो कधी पडला नाही. चाळीस वर्षं त्यानं फक्त शाळेचे गणवेश शिवले. शाळेच्या फाटकासमोर दोन मशिनं जेमतेम मावतील एवढं दुकान, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या निळ्या चड्ड्या आणि फळीवर मापांच्या जाडजूड वह्या. एकच पोर पहिलीपासून दहावीपर्यंत दर वर्षी त्याच्यासमोर हात वर करून उभं राही, त्यामुळे पोरं वाढतात कशी हे त्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळत असे. पोराकडे एक नजर टाकली की तो सांगे, "ह्याला दोन बोटं दुमड ठेवतो. सहामाहीला उसवून द्या." आई म्हणे, चार बोटं ठेवा. बटण दोनच ठेवी आणि सहामाहीला दोनच लागत. या एका बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता दुःखाची बाजू. बटणाचं सगळं घराणं उंच. वडील एकाहत्तर इंच. त्यांचे कपडे तोच शिवायचा, त्यामुळे आकडा पक्का. आई उंच, चुलतभाऊ उंच, आणि थोरली बहीण, म्हणजे ताई, चांगली सत्तर इंच. ताई मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. ती वॉर्डात शिरली की पेशंट पडल्या पडल्या सावधान होत. घरातल्या प्रत्येक फोटोत बटणाला विटेवर उभं करत. वीट फोटोत दिसते म्हणून तिच्यापुढे एखादं मूल उभं करत, आणि मग ते मूल नेमकं बटणाला झाकून टाकी. असे अकरा फोटो आहेत. त्यातल्या सातांत बटण म्हणजे एक कान.

तो पाच वर्षांचा आणि ताई नऊ वर्षांची असताना ताईनं त्याला सांगितलं होतं, "तुला ना, आपण भंगारवाल्याकडून घेतलाय. गळकी बादली दिली आणि तुला आणला." अशी थट्टा कुठल्या घरात होत नाही? सगळीकडे होते, आणि पोरं ती विसरतात. बटण विसरला नाही. कारण प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात कुणीतरी त्याच्याकडे आणि मग त्याच्या वडिलांकडे बघून म्हणायचंच, "हा कुणावर गेलाय हो?" अकरा वर्षांचा असताना त्यानं धीर करून आईला विचारलं, "मी खरंच तुमचाच आहे ना?" आईला इतकं हसू फुटलं की ती खालीच बसली. तेवढ्यात दूध उतू गेलं, आई धावली, आणि उत्तर राहिलं ते राहिलंच. पुन्हा विचारायची हिंमत त्याला झाली नाही. आता आई नाही, वडील नाहीत, बटण बासष्ट वर्षांचा आहे, आणि तो प्रश्न अजून त्याच्या पोटात तसाच आहे. तुम्ही हसाल. हसा. पण बासष्ट वर्षं स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं बसून बघा एकदा.

निमित्त झालं चुलतभावाचं. रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतं. चुलतभावाला घराण्याच्या इतिहासाचं लागलं. त्यानं चाळीस पानांची पुस्तिका छापून सगळ्यांना वाटली. दुसऱ्या पानावर ठळक मथळा होता: 'आमचे उंच घराणे'. त्याखाली पणजोबांची कथा. पणजोबा इतके उंच, की गावाकडच्या घरात त्यांना दारातून वाकूनच जावं लागे. ही गोष्ट स्वतः आजी सांगायची, म्हणजे त्यावर शंका घ्यायची सोय नाही. मग एकेकाचं नाव आणि पुढे उंची. यादीच्या शेवटी, सगळ्यांच्या खाली दोन शब्द होते: 'व बटण'.

उंची नाही, काही नाही. व बटण. जणू हिशेब जुळवायला उरलेली चिल्लर.

ते पान बटणानं तीनदा वाचलं. मग उठून ताईकडे गेला आणि म्हणाला, "ताई, गावाला जाऊन येऊ या. बाबा सांगायचे तो खांब बघायचाय मला."

खांबाची गोष्ट ताईलाही ठाऊक होती. गावाकडच्या घरात माजघराच्या मधोमध लाकडी खांब होता. दर वर्षी नवं धान्य घरात आलं की घरातल्या प्रत्येकाला त्या खांबाला पाठ लावून उभं करायचं आणि डोक्याच्या टोकाशी कोयत्यानं खूण पाडायची, हा त्या घराचा शिरस्ता. लिहिता-वाचता कुणालाच येत नसे, म्हणून खुणेशेजारी ज्याचं त्याचं चिन्ह कोरायचं. पणजोबांची शिडी, आजोबांचा मासा, वडिलांचं चाक. वडील नऊ वर्षांचे असताना आजोबा गेले, आजी पोराला आणि कडेवरच्या, अजून खांबाला न लागलेल्या धाकट्याला घेऊन शहरात आली आणि घराला कुलूप लागलं. त्यानंतर तिकडे कुणी फिरकलंच नाही.

ताई म्हणाली, "खांब बघून काय करणार आहेस?"

"उंच्या बघणार," बटण म्हणाला. खरं त्यानं सांगितलं नाही. खरं एवढंच होतं, की त्या खांबावर त्याला एक तरी बुटका हवा होता. एकच. एक मोठा झालेला आणि तरीही बुटका राहिलेला पूर्वज सापडला, तर आपण कुणावर गेलोय ते कळेल. नाही सापडला, तर मग ती बादली खरी.

दोघं सकाळच्या बसनं निघाली. बटणानं गळ्यात टेप अडकवला होता; तो नसला की त्याला उघडं-उघडं वाटायचं. खिशात मापांची वही आणि कानावर पेन्सिल. गाव शेवटच्या थांब्यावर होतं. बस थांबली, मागे आली, पुढे गेली, पुन्हा मागे आली आणि तोंड फिरवून उभी राहिली. खाली उतरल्यावर ताईनं कंडक्टरला घराण्याचा पत्ता विचारला. कंडक्टरनं तिकिटाच्या मशिनानं बसच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवलं.

"हेच की. आम्ही जिथं गाडी वळवतो ना, तिथंच होतं ते घर. चांगली जागा आहे. मागच्या गावाला वळायला फार त्रास होतो."

ताई आणि बटण त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. जोतं नाही, दगड नाही, भिंतीचा कोपराही नाही. तेलाचे चार डाग आणि चाकांच्या रेघा. ताईनं येताना त्या घराला वाहायला म्हणून फुलं आणली होती. ती कुठं ठेवावी हे तिला कळेना, आणि बसखाली ठेवायला कंडक्टर तयार होईना.

"घर पडलं त्याला झाली पन्नासेक वर्षं," कंडक्टर म्हणाला. "वारस कुणी आला नाही. मग ज्याला जे लागलं ते त्यानं नेलं. दार न्हाव्याकडे आहे बघा, समोरच."

न्हाव्याचं दुकान खरंच समोर होतं. ताई पुढे झाली आणि दुकानात शिरताना असा काही आवाज झाला, की आत अर्धी दाढी झालेला माणूस खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"सगळ्यांनाच लागतं," न्हावी शांतपणे म्हणाला आणि त्यानं ओला टॉवेल पुढे केला. तो टॉवेल त्यासाठीच वेगळा ठेवलेला दिसत होता. "माझ्या बापानं बसवलं हे दार. जुनं लाकूड, पक्कं आहे, पण फार बुटकं. गिऱ्हाईक येताना डोकं आपटतं, जाताना आपटतं. जाताना तरी मी आठवण करतो."

बटण बाहेर उभा होता. त्यानं चौकटीला टेप लावला. चोपन्न इंच. पुन्हा लावला. चोपन्नच. मग तो आत शिरायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला वाकायला लागतंय. आयुष्यात कुठल्याही दारानं त्याच्याकडून ही अपेक्षा केली नव्हती. तो वाकून आत गेला, वळला, वाकून बाहेर आला, आणि मग कुणाला काही न सांगता आणखी दोनदा आत-बाहेर करून आला.

"काका, काही हरवलंय का?" न्हाव्यानं विचारलं.

"नाही, नाही. चालू द्या तुमचं."

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, दार फक्त चोपन्न इंच आहे गं. मग पणजोबा..."

"वाळवीनं खाल्लं असेल खालून," कपाळावर टॉवेल दाबून ताई म्हणाली. "कापून बसवलं असेल. पणजोबा साडेसहा फूट होते, पुस्तिकेत छापलंय." छापलेल्या गोष्टीवर ताईचा फार विश्वास. हॉस्पिटलात असताना थर्मामीटरपेक्षाही ती केसपेपरावर जास्त विश्वास ठेवायची.

न्हाव्यानंच खांबाचा पत्ता सांगितला. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहत होती, तिच्या गोठ्यात तो उभा होता. म्हातारी दारातच पाय पसरून बसली होती. नजर अधू, पण जीभ एकदम शाबूत. ताईची उंची बघून ती कुणीतरी सरकारी बाई आहे असंच तिला वाटलं.

"गोठा जुना आहे," तिनं आधीच सांगून टाकलं. "वाढीव काही नाही."

"आम्ही तपासायला नाही आलो आजी," ताई म्हणाली. "त्या वळणावर घर होतं ना, त्या घरातली आम्ही. तुमच्या गोठ्यात आमच्या घरचा खांब आहे म्हणे."

"आहे. पण नेता नाही यायचा. गोठा त्याच्यावरच उभा आहे." मग म्हातारीनं डोळे बारीक करून मागे बघितलं. "आणि हा कोण बरोबर?"

ताईला फुलांचं काय करावं तेच अजून कळत नव्हतं. ती म्हातारीच्या हातात फुलं कोंबत होती, त्या गडबडीत उत्तर द्यायचं राहून गेलं. राहिलं म्हणजे राहिलं. मुद्दाम कुणी काही केलं नाही. पण बटणाच्या मनात जिथं लागायचं तिथं ते लागलंच.

गोठा प्रशस्त होता. एका अंगाला कडबा, दुसऱ्या अंगाला एक लाल गाय, आणि मधोमध तो खांब. उंच, काळा, धुरानं तकतकीत झालेला, दगडावर उभा. आणि त्याच्यावर खुणाच खुणा. शिडी होती. मासा होता. चाक होतं. वडील थापा मारत नव्हते तर! एवढ्या सगळ्या माणसांना त्यानं एकदम कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं मान वर केली. सगळ्यात वरच्या खुणा त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर होत्या. त्यानं बादली उपडी घातली, तिच्यावर चढला आणि जमिनीपासून टेप धरला. टेप पुरेना, म्हणून खालचं टोक ताईनं धरलं आणि वरचं माप त्यानं दोन तुकड्यांत घेतलं. शिडीची सगळ्यात वरची खूण चौऱ्याहत्तर इंच. माशाची पंचाहत्तर. चाकाची पंचाहत्तर.

"सव्वासहा फूट!" ताई आनंदानं ओरडली. गायीनं दचकून मान फिरवली. "बघ! म्हटलं नव्हतं? सगळे एकजात सव्वासहा फूट. खाण तशी माती!"

बटण बादलीवरून खाली उतरला आणि त्याच बादलीवर बसला. संपलं. एकही बुटका नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याला आईचं हसणं आठवलं, आणि पहिल्यांदाच वाटलं, की आई हसली नव्हती, तिनं वेळ मारून नेली होती. बासष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याला तीन नातवंडं आहेत, त्याला गोठ्यात बसून आईवडील नसल्यासारखं वाटलं. वाटायला काही वय लागत नाही.

ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती खाली वाकून खांब न्याहाळत होती, आणि एकदम तिचा आवाज बदलला.

"अरे बटण, हे बघ. इथं खाली एक फणी कोरलीय. एकच खूण आहे. पुढे काहीच नाही."

फणीची खूण जमिनीपासून जेमतेम बत्तीस इंचांवर होती, बाकी सगळ्यांपेक्षा खाली.

"वर्षाचं असेल रे लेकरू," ताई म्हणाली. "एकदाच मोजलं आणि... मग मोजायला राहिलंच नाही. आपली आत्या असेल. कुणी नावसुद्धा काढलं नाही तिचं कधी." आणि चाळीस वर्षं वॉर्ड गाजवलेली ती मेट्रन नाक लाल करून मुसमुसायला लागली. म्हातारीनं हातातली फुलं निमूटपणे तिला परत दिली. ताईनं ती फणीच्या खाली ठेवली. गायीनं त्यातली दोन लगेच खाल्ली.

आता बटणाला रडू फुटत नव्हतं, मग त्यानं काय करावं? त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. वही काढली आणि मापं लिहायला बसला. दुःखात काही लोक जप करतात. हा मापं लिही. सुरुवात वडिलांपासून. पान आखलं, वर चाक काढलं आणि खालच्या खुणेपासून वर जात गेला. खुणा नऊ, वर्षं नऊ, बरोबर. पहिलं वर्ष, बावन्न इंच. दुसरं वर्ष, चोपन्न. तिसरं...

पेन्सिल थांबली.

बावन्न इंच? बावन्न इंचाला तो चौथीतल्या पोराची चड्डी शिवायचा. वर्षाचं पोर बावन्न इंच कसं असेल? त्यानं पुढची मापं भराभर लिहिली आणि सवयीप्रमाणे शेजारी फरक मांडला. दोन, दोन, दोन, अडीच, अडीच, अडीच, साडेतीन. आणि शेवटच्या वर्षी, आठाचं नऊ होताना, एकदम सहा इंच. चाळीस वर्षांत हजारो पोरं मोजली, पण असलं पोर त्याच्या दुकानात कधी आलं नव्हतं. पोर आधी झपाझप वाढतं, मग सावकाश. हे पोर आधी सावकाश आणि मग झपाझप. असल्याला दुमड ठेवायची तरी किती?

"ताई," तो हळूच म्हणाला, "बाबा किती वर्षांचे असताना गावातून निघाले?"

"नऊ."

"मग नऊ वर्षांचे बाबा पंचाहत्तर इंच कसे? मी त्यांचा शेवटचा सदरा शिवलाय. एकाहत्तर होते."

ताईनं नाक पुसलं. "म्हातारपणी माणूस आखडतो."

"शाळेत जायच्या वयात सव्वासहा फूट असलेलं पोर? ताई, बाकावर बसवलं असतं तर बाक मोडला असता!"

मग तो उठला आणि चारी अंगांनी खांबाभोवती फिरला. खाली वाकून त्यानं खांबाच्या बुडाशी चिकटलेलं शेण पायानं सारलं. बुडाला रुंद खाच होती, तुळई बसवायला करतात तशी. वर बघितलं. खांब वरच्या टोकाला जाड होता आणि खाली निमुळता. झाडाचं खोड कधी वरच्या अंगाला जाड असतं का?

"आजी," तो म्हणाला, "हा खांब इथं कुणी उभा केला?"

"माझ्या नवऱ्यानं, आणखी कुणी?" म्हातारी म्हणाली. "का?"

"उलटा उभा केलाय."

म्हातारीला जराही आश्चर्य वाटलं नाही. "केला असेल. सुलटं काम त्यानं जन्मात केलं नाही. गोठ्याचं दारसुद्धा आधी आतून कडी लावून बसवलं आणि मग खिडकीतून बाहेर आला."

आता बटण कुणाचं ऐकायला थांबला नाही. कडब्याच्या पेंढ्या रचून त्यावर बादली ठेवली, बादलीवर चढला, टेपाचं टोक खांबाच्या वरच्या कडेला धरलं आणि माप खाली सोडलं. दोन तुकड्यांत मोजून संपूर्ण खांब एकशे दोन इंच. आता वरून मोजायचं, कारण वर म्हणजे खाली. चाकाची पहिली खूण सत्तावीस इंच: वर्षाचं पोर, अगदी रास्त. नवव्या वर्षी पन्नास: उंच पोर, पण असतात. मासा सत्तावीसपासून निघाला आणि छप्पन्नावर थांबला. शिडी अठ्ठावीसपासून निघाली, चढत चढत सत्तावन्नावर आली आणि तिथंच थबकली. त्या एका खुणेशेजारी दहा-बारा वर्षांच्या रेघा एकावर एक गर्दी करून होत्या. मोठ्या झालेल्या माणसाच्या असतात तशाच.

"सत्तावन्न!" बटण बादलीवरून ओरडला. "पणजोबा सत्तावन्न इंच होते! आजोबा छप्पन्न! ताई, सगळे बुटके! एकजात बुटके!"

"पण ते दारातून वाकून..."

"दार चोपन्न इंच होतं! वाकणार नाही तर काय करणार?"

खरंच. आजीनं एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. पणजोबा वाकूनच जात होते. तिनं फक्त दाराची उंची सांगितली नव्हती. आणि वडिलांचं म्हणाल, तर नऊ वर्षांच्या पोराला घरातली सगळीच माणसं उंच दिसतात. बाकीचं घराणं पुढच्यांनी घरबसल्या वाढवलं होतं.

ताईनं पुस्तिका पिशवीतून काढली, दुसऱ्या पानाकडे बघितलं आणि पुन्हा आत ठेवली. मग ती म्हणाली, "आणि ती फणी? ते लेकरू?"

बटणानं फणीपर्यंत टेप सोडला. त्याला बादलीवरून पार खाली उतरावं लागलं. "सत्तर," तो म्हणाला. "एकच खूण. लहानपणाची एकही नाही. म्हणजे या घरात आली तेव्हाच सत्तर इंच होती."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आजी!" ताई किंचाळली. "आपली आजी ती! लग्न होऊन आली तेव्हा एकदाच मोजली असणार, पुन्हा मोजायची कुणाची हिंमत झाली नसेल. अरे देवा, मी आजीसाठी रडले! नव्वद वर्षं जगली ती! मला चमच्यानं मारायची!" आणि तिनं गायीच्या तोंडासमोरची उरलेली फुलं रागानं उचलून घेतली.

मग पायातल्या चपला काढून तिनं खांबाला पाठ लावली आणि बटणाला डोक्यावरून माप घ्यायला लावलं. सत्तर. आजी सत्तर, ताई सत्तर. वडिलांची उंची आजीकडून, ताईची उंची आजीकडून. सगळी उंची एक बाई सासरी येताना घेऊन आली होती.

"म्हणजे बटण्या," ताई हळूच म्हणाली, "या घराण्याचा अस्सल तूच. आम्ही सगळे आजीच्या माहेरचे."

हे ऐकायला बटण सत्तावन्न वर्षं थांबला होता. आणि आता ऐकल्यावर त्याला विचारायचं होतं ते विचारून टाकणं भागच होतं.

"ताई, तू मला सांगितलं होतंस ना, भंगारवाल्याकडून... बादली देऊन..."

ताईला आठवायलाच वेळ लागला. आठवल्यावर तिचा चेहरा पडला. "ते? अरे, शाळेत मला सगळे खांब म्हणायचे. कुणाला तरी काहीतरी बोलावंसं वाटायचं मला, आणि घरात माझ्यापेक्षा लहान तूच होतास." तिनं वळून त्याच्याकडे बघितलं. "तू ते खरं धरून बसलास? इतकी वर्षं?"

बटण टेप गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

"मूर्ख आहेस," ताई म्हणाली. "आणि मी तुझ्याहून मूर्ख. तुझ्या जन्माच्या वेळी मी दाराबाहेर बसले होते. सुइणीनं तुला बाहेर आणलं, ते पहिल्यांदा माझ्या मांडीवर दिलं. एवढासा होतास. मी म्हटलं, बाकीचा कुठाय?"

म्हातारी इतका वेळ ऐकत होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण एक गोष्ट कळली होती. तिनं गवत कापायचा विळा पुढे केला. "मग ह्याची खूण नाही पाडायची का? एवढ्या लांब आलाय."

खांबाला पाठ लावून उभं राहायचं, तर बटणाला डोक्यावर उभं राहावं लागलं असतं. त्यानं तेही करून बघितलं असतं. कोट काढायलाही लागला होता. ताईनं आवरलं. शेवटी दोघांनी मिळून टेप वरून सोडला, अठ्ठावन्न इंचांवर बोट ठेवलं आणि ताईनं विळ्यानं खूण पाडली. खोल पाडली. खूण शिडीच्या शेवटच्या खुणेच्या एक इंच पुढे गेली होती. पणजोबांच्या पुढे, आजोबांच्या पुढे. बटणानं पुन्हा एकदा मोजलं, कारण अशा गोष्टी दोनदा मोजाव्यात. या घराण्यात जन्मलेल्या आणि या खांबावर मोजलेल्या मोठ्या माणसांत बटण सगळ्यात उंच होता.

म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि बोटांनी एकेक खूण चाचपू लागली. शिडीवर तिचं बोट थांबलं, एक इंच सरकलं आणि नव्या खुणेत रुतलं.

"आणि हा कोण?" तिनं पुन्हा विचारलं.

"हा माझा भाऊ," ताई म्हणाली. "सख्खा."

बटण रडला. आडपडदा न ठेवता, नाक ओढत, मोठ्यानं रडला, आणि ते बघून ताईही पुन्हा सुरू झाली. गाय पाय आपटायला लागली.

"रडायचं तर बाहेर जाऊन रडा," म्हातारी म्हणाली. "धारेची वेळ झालीय, ती बिथरेल."

मग दोघं बाहेर गेली आणि बस येईपर्यंत, जिथं बस वळते तिथं, मधोमध उभी राहून रडली.